‘द गोल्ड रश’ पाहायचा, पण कोणता?

चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ घरच्यांना दाखवायचा, तर आधी एक निवड करावी लागते. १९२५चा मूळ मूकपट लावायचा, की १९४२ साली चॅप्लिनने स्वतःच काटछाट करून, संगीत आणि निवेदन घालून पुन्हा आणलेली आवृत्ती?

दुसरीचं पारडं तसं हलकं नाही. ती साधारण ७२ मिनिटांत आटोपते. तिच्या संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं आणि खुद्द चॅप्लिनने तीच प्रमाण मानली. काट्यांना पाव टोचून केलेला नाच दोन्हीकडे तितकाच लोभस आहे.

मला खटकतं ते निवेदन. चॅप्लिन पडद्यावर दिसतंय तेच पुन्हा सांगतो, पात्रांचे संवादही स्वतःच म्हणतो. भुकेनं भ्रमिष्ट झालेल्या, सोनं शोधायला आलेल्या बिग जिमला समोरच्या चार्लीत कोंबडी दिसू लागते, तेव्हा त्या भूमिकेतल्या मॅक स्वेनचे डोळे पुरेसे असतात. असल्या विनोदात आपलं आपल्याला उमगतं, त्या क्षणी हसू फुटतं. कुणी शेजारून सांगत राहिलं की तो क्षण निसटतो. भाचीला दाखवताना हे फारच जाणवलं. मूकपटात संवादाची पाटी आली की मी ती मराठीत वाचायचो आणि भाची पुन्हा चित्रात रमायची. १९४२च्या आवृत्तीत मी तोंड उघडेपर्यंत चॅप्लिनचं इंग्रजी पुढे गेलेलं असायचं. ती चित्राऐवजी माझ्याकडेच बघत बसली.

शिवाय चिठ्ठीचा प्रसंग. मूळ चित्रपटात चार्लीचं जिच्यावर प्रेम आहे त्या जॉर्जियाची चिठ्ठी तिच्यामागे लागलेल्या जॅकसाठी असते आणि जॅक ती कुचेष्टेनं चार्लीकडे पाठवतो. चार्ली हरखतो, आपल्या पोटात तुटतं. १९४२मध्ये चिठ्ठी थेट चार्लीलाच लिहिलेली आहे. ती बोच गेली. शेवटचं चुंबनही कापलंय.

ज्यांच्या कानाला इंग्रजी सरावाचं आहे आणि हाताशी वेळ कमी आहे, त्यांना १९४२ची कदाचित अधिक सोयीची वाटेल. बाकीच्यांनी मात्र थोडा शोध घेऊन १९२५चा मिळवावा, असं मला वाटतं. मूकपटांचे अभ्यासक केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९९३मध्ये तो पुन्हा जुळवला, त्यावर आधारलेली प्रत मिळाली तर उत्तम. १९४२चीच लावून आवाज बंद करायचा विचार असेल, तर ते जमणार नाही. तिच्यातल्या पाट्या काढून टाकल्या आहेत.