कीटकांचं एक्स्ट्रीम मॅक्रो: फ्लॅश की एलईडी, रेल की रिंग, पीमॅक्स की डीमॅप

आधी एवढंच ठरवा, किडा जिवंत आहे की मेलेला. फ्लॅश की एलईडी याचा निम्मा निकाल तिथेच लागतो.

जिवंत असेल तर फ्लॅश, त्यात फार डोकं लावायची गरज नाही. २एक्सच्या (म्हणजे सेन्सरवर किडा खऱ्या आकाराच्या दुप्पट) पुढे गेलात की हाताची थरथर, पानाचं हलणं, किड्याच्या मिशांची वळवळ सगळं फोटोत उतरतं, आणि स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर लावायचा छोटा फ्लॅश) १/१६ किंवा १/३२ पॉवरवर ठेवला की त्याचा झोत इतका थोडा वेळ असतो की शटर १/२०० असलं तरी चित्र गोठतं, शिवाय कमी पॉवरला रिसायकल (फ्लॅश पुन्हा चार्ज होणं) पटकन होतं त्यामुळे श्वास रोखून पुढे सरकत सरकत पाच-दहा फ्रेम्स मिळतात आणि तेवढ्यातही छान स्टॅक (वेगवेगळ्या फोकसच्या फ्रेम्स जोडून एक शार्प फोटो) होतो. पहाटे जा, थंडीत किडे गारठून बसलेले असतात. एलईडी इथे फक्त फोकस दिसावा म्हणून.

मेलेल्या किड्याचं मात्र नीट तोलून बघावं लागतं. १०एक्स ऑब्जेक्टिव्ह (मायक्रोस्कोपची लेन्स), एनए (लेन्स किती रुंद कोनातून उजेड घेते तो आकडा) ०.२८, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड (फोकसमध्ये राहणारी जाडी) साधारण ७ मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा भाग. दर फ्रेमला ५ मायक्रॉनची स्टेप धरली तर दीड मिलिमीटर खोलीच्या डोक्याला ३०० फ्रेम्स लागतात. अॅपर्चर बंद करून यातून सुटका नाही, कारण साध्या मॅक्रो लेन्सलाही ५एक्सला एफ २.८ प्रत्यक्षात एफ १६.८ सारखं वागतं (मॅग्निफिकेशनमध्ये एक मिळवा आणि त्याने अॅपर्चरला गुणा), तिथे एफ ८ केलंत तर एफ ४८ झालं आणि डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) सगळं मऊ पडलं. म्हणजे स्टॅक करायचाच, आणि ३०० फ्रेम्स होईपर्यंत उजेड आणि किडा दोन्ही जसेच्या तसे राहायला हवेत.

एलईडीचा मोठा फायदा म्हणजे दिवा सरकवला की काय झालं ते लगेच दिसतं. माशीच्या डोळ्यावर प्रत्येक दिव्याचं प्रतिबिंब पडतं, बोटभर सरकवलं तरी डोळ्याचा पोत उलगडतो किंवा पांढरा फटक होतो, हे समोर बघत करण्यात जो आनंद आहे तो फ्लॅशमध्ये नाही, तिथे उडवा, बघा, सरकवा, परत उडवा. शिवाय एलईडीला इलेक्ट्रॉनिक शटर चालतं, कॅमेऱ्यात काहीच हलत नाही.

पण एक्सपोजर अर्धा-एक सेकंद जातं आणि तिथे खरी परीक्षा. २४ मेगापिक्सेल फुलफ्रेमचा पिक्सेल ६ मायक्रॉनचा, १०एक्सला किड्यावर तो ०.६ मायक्रॉन. एवढं जरी हललं तरी शार्पनेस गेला, आणि लाकडी जमिनीवर कुणी शेजारून चाललं की त्याहून जास्त हलतं. दुसरं म्हणजे उष्णता. मी एकदा दोन जोरदार एलईडी एका गांधीलमाशीच्या अगदी जवळ लावून १८० फ्रेम्सचा स्टॅक लावला, सगळ्या फ्रेम्स सुटीसुट्या बघितल्या तर सुंदर, पण जोडल्यावर एक मिशी दुहेरी दिसायला लागली कारण ती वाळता वाळता हळूहळू खाली झुकली होती. तेव्हापासून मी नमुना आधी पूर्ण वाळू देतो. आणि डिमर कमी केल्यावर काही एलईडी फ्लिकर करतात, फ्रेमागणिक उजेड बदलतो, म्हणून डिम करण्यापेक्षा दिवा लांब न्या.

फ्लॅशमध्ये हादऱ्याची चिंता जवळजवळ मिटते. खोली अंधारी करा, शटर सेकंदभर उघडं ठेवा, फ्लॅश रिअर कर्टनला (शटर मिटायच्या जरा आधी) उडवा, तोवर शटरचा धक्का शांत झालेला असतो. तोटा एवढाच की दोन फ्रेम्समध्ये रिसायकलला पुरेसा वेळ द्यायला लागतो, नाहीतर मध्येच एखादी फ्रेम काळी येते, आणि ३०० वेळा उडवताना फ्लॅश तापतो. माझं मत विचाराल तर टेबल जड आणि तळमजल्यावर असेल तर एलईडी, नाहीतर फ्लॅश, आणि शंका असेल तरीही फ्लॅश.

पण खरं सांगू का, या दोघांपेक्षा डिफ्युझर जास्त महत्त्वाचा आहे आणि लोक नेमकं तिथेच हयगय करतात. किड्याचं कवच चकचकीत, उघडा दिवा लावला की पांढरे ठिपके पडतात आणि स्टॅकिंग त्यांना अजून ठळक करतं. पिंगपाँगचा बॉल अर्धा कापून, लेन्ससाठी भोक पाडून किड्यावर टोपीसारखा ठेवा, किंवा ट्रेसिंग पेपरची नळी करा, आणि दिवे बाहेरून मारा. त्यासाठी जागा मात्र हवी, म्हणून ऑब्जेक्टिव्ह घेताना वर्किंग डिस्टन्स (लेन्सच्या टोकापासून किड्यापर्यंतचं अंतर) बघा, ३४ मिमी असेल तर निवांत, १० मिमीला उजेड आत शिरवणंच अवघड. पोलरायझर शीट दिव्यावर आणि त्याला काटकोनात फिरवलेलं दुसरं लेन्सवर लावलं की चकाकी पार जाते, काळ्या भुंग्याला उत्तम, पण ज्या भुंग्यांचा हिरवा-सोनेरी रंगच परावर्तनातून येतो ते त्यात मेल्यासारखे निस्तेज होतात, त्यांना फक्त मोठा मऊ उजेड द्या. लेव्हॉन बिस या फोटोग्राफरने ऑक्सफर्डच्या संग्रहालयातले कीटक काढले तेव्हा शरीराच्या प्रत्येक भागाला वेगळी लायटिंग केली, एकेका फोटोमागे ८,००० च्या वर फ्रेम्स होत्या. तेवढं नको, पण डोळ्याला एक उजेड आणि पंखाला दुसरा हे करून बघाच.

रेल (कॅमेरा थोडाथोडा पुढे सरकवणारी पट्टी) की लेन्सची फोकस रिंग हे सोपं आहे. १एक्सच्या आत लेन्सचा फोकस किंवा कॅमेऱ्यातलं ब्रॅकेटिंग (फोकस आपोआप बदलत फ्रेम्स घेणं), त्याच्या बऱ्याच वर रेल, आणि १०एक्सला मोटरवालीच, हाताने ५ मायक्रॉन नेमके सरकवणं ३०० वेळा कुणाला जमणार.

फ्रेम्स जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये झिरीनचा पीमॅक्स (जोडण्याची एक पद्धत) एकमेकांवर आडवे गेलेले केस छान सोडवतो पण नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवतो. त्यातलाच दुसरा पर्याय डीमॅप रंग आणि गुळगुळीत पोत जपतो पण केसांच्या कडेला धूसर वलयं आणतो. हेलिकॉन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच जातीच्या पद्धती सी आणि बी. नुसतं एक निवडू नका, दोन्ही काढा, डीमॅप खाली ठेवा आणि जिथे केस एकमेकांवरून गेलेत तिथे पीमॅक्समधून ब्रशने आणा. दाट केसाळ मधमाशी असेल तर मी उलटं करतो, पीमॅक्स खाली, आणि डोळा नि पंख तेवढे डीमॅपमधून.