बॉयलरवाल्याची पॅरिसवारी : म्युझे दे आर ए मेतिये

लेकीकडे पॅरिसला महिनाभर होतो. जावईबापूंनी विचारलं, "बाबा, आता काय बघायचं?" म्हटलं, जुनी इंजिनं असतील तिथे न्या. त्यांनी 'आर ए मेतिये' स्टेशनवर उतरवलं. फलाट तांब्याच्या पत्र्याने मढवलेला, थेट पाणबुडीसारखा. साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये जन्म गेलेल्या माणसाला तांबं दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. लावला.

म्युझे दे आर ए मेतिये म्हणजे कला-कारागिरीचं, यंत्रांचं संग्रहालय. त्याची संस्था १७९४ची, ऐन फ्रेंच क्रांतीतली. कारागिरांनी यंत्रं डोळ्यांनी बघून शिकावं म्हणून काढलेली. त्याच वर्षी गिलोटिनवर गेलेल्या रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची उपकरणं इथे आहेत. जुन्या चर्चमध्ये क्युनोची १७७०ची वाफेची गाडी उभी आहे. पुढे भलामोठा हंडा लटकवलेला. ब्रेक कुठे असेल ते शोधत मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. फुकोचा लंबकही तिथेच. पृथ्वी फिरते म्हणून त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू गोल फिरत जाते. पॅरिसला ही फेरी सुमारे ३२ तासांत पुरी होते, पुण्यात टांगला तर तीन दिवसांहून जास्त लागतील.

पण माझ्या डोक्यात होता फ्रेंच इंजिनिअर सादी कार्नो. इथे रसायन शिकवणाऱ्या क्लेमाँ यांच्याकडे त्याची ऊठबस होती. वाफेचं इंजिन सुधारलं ब्रिटनच्या वॉटने, मग ठरावीक उष्णतेतून जास्तीत जास्त काम किती निघेल हा प्रश्न १८२४ साली फ्रेंच माणसाने का मांडला? इंग्लंडात कोळसा स्वस्त, फ्रान्समध्ये महाग, हे एक उत्तर. पण तेवढंच नाही. इंग्लंडातल्याच कॉर्नवॉललाही कोळसा वेल्सहून जहाजाने यायचा, म्हणजे महागच. तिथे काटकसरीची इंजिनं झाली, सिद्धांत नाही झाला. फ्रान्सने एकोल पॉलिटेक्निकमध्ये इंजिनिअरांना भरपूर गणित शिकवलं होतं, कार्नो तिथलाच. वडिलांचा अभ्यास पाणचक्क्यांसारख्या यंत्रांचा. पाणी वरून खाली पडतं तशी उष्णता गरमकडून थंडाकडे 'पडते', असं पोराने धरलं. उष्णता म्हणजे एक द्रव, ही त्याची समजूत चुकीची होती, तरी मर्यादा बरोबर सापडली!

आमच्याकडे बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे, डोंगर होते तोवर वाफेचा हिशेब कुणी विचारला नाही. को-जनची, म्हणजे त्याच वाफेवर केलेली, वीज विकायला लागलो आणि चेअरमनसाहेब रोज सकाळी टनभर बगॅसला किती टन वाफ ते विचारू लागले.

सोमवारी बंद असतं. तीन तास हाताशी ठेवा, फ्रेंच वाचणारं कुणी सोबत असेल तर उत्तम. पाच तारे देणार होतो, एक माझ्या गुडघ्यांनी कापला.