चित्रपट्टी, शांत कोपरा, इअरमफ आणि भावनांचा तक्ता: बालवर्गात वर्षभर वापरल्यावर

जूनमध्ये शाळा सुरू होताना आमच्या कर्वेनगरच्या बालवर्गात चार गोष्टी नव्याने आणल्या. भिंतीवर दिवसाची चित्रपट्टी, खोलीत एक शांत कोपरा, लहान मुलांचे इअरमफ (मोठा आवाज कमी ऐकू यावा म्हणून कानांवर घालायचे) आणि भावनांचा तक्ता. आता वर्ष संपत आलंय. ओळखीच्या दोन-तीन बालवाडीताई विचारत होत्या काय घेऊ, म्हणून सविस्तर लिहिते. घाई असेल त्यांनी एवढंच वाचा: चित्रपट्टी आधी करा, बाकीचं परवडेल तसं. तक्ता नाही आणला तरी काही अडत नाही.

आमच्याकडे अडीच ते पाच वर्षांची मुलं आहेत. एकाला ऑटिझमचं निदान झालंय, एक मुलगी उशिरा बोलायला लागलेली, आणि एका मुलाला निदान-बिदान काही नाही, पण आई फाटकातून वळली की रडणं सुरू. सामान आणलं ते या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून. वापरलं सगळ्या वर्गानं.

चित्रपट्टी म्हणजे वेल्क्रोची लांब पट्टी आणि तिच्यावर ओळीनं लावलेली कार्डं: प्रार्थना, गोल करून बसणे, रंगकाम, हात धुणे, डबा, अंगण, गोष्ट, घरी. एकेक गोष्ट उरकली की कार्ड काढायचं आणि खालच्या 'झालं'च्या खिशात टाकायचं. यात नवीन काहीच नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात १९७२ मध्ये सुरू झालेल्या 'टीच' कार्यक्रमानं ऑटिझम असलेल्या मुलांसाठी अशी चित्रांची वेळापत्रकं रुळवली आणि पुढे ती जगभर गेली. कारण साधं आहे. तीन वर्षांच्या मुलाला 'थोड्या वेळानं' म्हणजे काय ते कळत नाही, आणि तोंडानं सांगितलेलं हवेत विरून जातं. चित्र तिथंच असतं, पुन्हा जाऊन बघता येतं.

आमचा ऑटिझमवाला पठ्ठ्या पहिले काही आठवडे पट्टीकडे ढुंकूनही बघत नव्हता. मग एक दिवस डब्याच्या वेळेला उठला, स्वतःच 'हात धुणे'चं कार्ड ओढलं, वेल्क्रोचा चर्रर्र आवाज झाला तसा हसला, कार्ड परत लावलं, परत ओढलं. मी मुकाट्यानं बघत राहिले. तेव्हापासून ते कार्ड काढायचं काम त्याचंच. दुसऱ्या कुणी हात लावला तर खपत नाही. आता त्याच्या आईनं घरी फ्रिजवर आंघोळ, दूध, चप्पल, स्कूटर अशी पट्टी लावली आहे.

या पट्टीत सगळ्यात मोलाचं कार्ड तयार संचात मिळत नाही, ते आपलं आपणच करायचं: 'बदल'चं. आम्ही पिवळ्या कागदावर वळलेला बाण काढला. जुलैत पावसानं अंगणात पाणी साचलं की 'अंगण'वर हे पिवळं कार्ड चढायचं आणि शेजारी 'वर्गात उड्या'. आधी दाखवलं तर कुरकुर होते, पण आकांत होत नाही. मावशी हे माझ्यापेक्षा छान करतात. मुलं शाळेत यायच्या आधीच आभाळाकडे बघून कार्ड बदललेलं असतं.

रडणाऱ्या मुलाचा फायदा मात्र वेगळ्याच कार्डानं झाला. 'घरी'च्या कार्डावर आम्ही आईचा फोटो लावला. रडणं थांबलं नाही, कमी झालं. दिवसातून अनेकदा पट्टीशी जाऊन आईच्या आधी किती कार्डं उरलीत ते बोटानं बघून येतो.

शांत कोपरा स्वस्तात झाला: कपाटाशेजारी एक गादी, दोन लोड, जुन्या सुती साडीचा अर्धा पडदा. अर्धाच, म्हणजे आम्हाला आतलं मूल दिसतं. टोपलीत स्पंजचा चेंडू, लोकरीचा तुकडा आणि चमकी घातलेली पाण्याची बाटली. बाटलीचं झाकण फेविक्विकनं घट्ट चिकटवा, नाहीतर गादीवर चमकी आणि मुलांच्या तोंडातही चमकी. नियम एकच: कोपऱ्यात कुणाला पाठवायचं नाही. 'जा तिकडे बस' असं रागानं म्हटलं की त्याची शिक्षा झाली. आम्ही 'मी जाऊन बसते, येतोस का?' म्हणतो. एका आजोबांना तरीही वाटलंच की नातवाला शिक्षा होते. वाद घालत बसले नाही, पालकसभेत त्यांना तिथंच लोडाला टेकवून बसवलं. पुढच्या सभेला आपणहून तिथं गेले. गंमत म्हणजे कोपरा सगळ्यात जास्त वापरतात ती भांडकुदळ जोडी. खास गरजेच्या मुलाला तिथं जायला त्यामुळे संकोच वाटत नाही, कारण ती जागा त्याची एकट्याची नाहीच.

इअरमफ ऑनलाइन मागवले. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो हे नव्यानं सांगायला नको. आमच्याकडे तो आवाज संध्याकाळच्या पाळणाघराच्या वेळेला येतो, आणि खऱ्या अर्थानं उपयोग झाला तो तेव्हा. तक्रारी आहेत: पट्टा लहान डोक्याला आवळतो, कानाशी घाम येतो, पावसाळ्यानंतर फोमचं आवरण सोलून निघालं. ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजची कामं, आवाज, स्पर्श यांत अडचण येणाऱ्या मुलांना मदत करणारे तज्ज्ञ) बजावलं ते महत्त्वाचं: दिवसभर घालून ठेवायचे नाहीत, नाहीतर साधे आवाजही सोसेनासे होतात. मोठा आवाज सुरू झाला की घाला, संपला की काढा. जोड्या दोन घ्या, एक मिरवायला लागते.

आता तक्ता. हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला चेहरा आणि प्रत्येकाच्या नावाची क्लिप. दिसायला गोजिरा, पालकांना जाम आवडतो, इन्स्टाग्रामवर शोभतो. प्रत्यक्षात आठवडाभरात सगळ्या क्लिपा हसऱ्यावर, कारण हसऱ्यावर लावली की ताई 'अरे वा' म्हणते. डोळ्यांत पाणी असलेलं मूलही हसऱ्यावर क्लिप लावून मोकळं. आम्ही तो भिंतीवरून काढला. त्याऐवजी मुलगा ठोकळे भिरकावतो तेव्हा 'राग आलाय, मनोरा पडला ना' असं त्याच वेळी म्हणतो. याला पैसे पडत नाहीत, फक्त दिवसभर सुचलं पाहिजे, आणि ते तक्त्यापेक्षा अवघड आहे.

एक गोष्ट कुठल्याच सामानानं भागत नाही. उशिरा बोलणाऱ्या मुलीला कार्डं दाखवत राहण्याआधी कान तपासून घ्यायला सांगितलं. बोलणं उशिरा असेल तर पहिली पायरी तीच. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी, अनुदानित शाळांत तपासणी करतात. आमच्यासारखे खाजगी बालवर्ग त्यात येत नाहीत, म्हणून नजर आपणच ठेवायची. निदान करायचं नाही, फक्त काय दिसलं ते पालकांना सांगायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यातला एक. प्रमाणपत्राची वेळ येईल तेव्हा येईल, भिंतीवर कार्ड लावायला ते लागत नाही.

खरेदीचं: कार्डांची चित्रं आणि लॅमिनेशन अप्पा बळवंत चौकात, वेल्क्रो रविवार पेठेत मीटरवर घ्या. परदेशी संचातली चित्रं टाळा. त्यात डब्याच्या जागी सँडविच असतं आणि आमच्या मुलांच्या डब्यात पोळीचा रोल. आपल्याच वर्गाचे, आपल्याच नळाचे फोटो काढून छापा. लॅमिनेशननंतर कार्डांच्या कडा गोल कापून घ्या, टोकदार कोपरा ओठाला लागतो. 'हात धुणे' आणि 'डबा' ही दोन कार्डं चावून चावून संपतात, त्यांच्या चार-चार प्रती करून ठेवा.