केजीबीस्ट: गडी दुय्यम, कामाला चोख

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ‘बॅटमॅन’ कॉमिकचे १९८८चे अंक ४१७ ते ४२० एकगठ्ठा उचलले, ते केजीबीस्टसाठी. अमेरिकेच्या ‘स्टार वॉर्स’ या क्षेपणास्त्रविरोधी संरक्षण प्रकल्पाशी संबंधित दहा जणांना टिपायला निघालेला हा रशियन मारेकरी. बॅटमॅनच्या दोरीत हात अडकतो, तर पठ्ठ्या कुऱ्हाडीने स्वतःचाच हात तोडून पसार! पुढे तिथे बंदूकच बसवतो. जिम अपारोची चित्रं अशी, की हातातला चहा गार झाला. पोशाख मात्र कुस्तीच्या आखाड्यातला वाटतो. २०१८मध्ये बेन या खलनायकाची सुपारी घेऊन नाइटविंग या बॅटमॅनच्या जुन्या साथीदाराच्या डोक्यात गोळी घालणारा तो हाच. या चार अंकांच्या शेवटी बॅटमॅन त्याला जमिनीखालच्या खोलीत कोंडून चालता होतो, हे काही पटलं नाही. कागद पिवळा पडलाय, रंग शाबूत. चौथ्या अंकासाठी जादा पैसे मोजू नका.