युवा कार्यक्रमाची बेसलाइन: एजन्सी, स्वतंत्र सल्लागार, कॉलेज की आपणच?

फंडरचा पहिला हप्ता जमा झाला की पाठोपाठ मेल येतो: पहिल्या तिमाहीत बेसलाइन, म्हणजे काम सुरू होण्याआधीची स्थिती मोजणारी पाहणी, पूर्ण करावी. मग संस्थेत धावपळ सुरू होते. कुठल्या तरी जुन्या प्रकल्पाची टीओआर (सल्लागारानं काय काम करायचं ते सांगणारा कागद) शोधायची, त्यातली गावांची नावं बदलायची, चार जणांना पाठवायची, तीन कोटेशन गोळा करायची आणि मधलं निवडायचं. ऑडिटरचं त्यानं समाधान होतं. पुढे तीन वर्षांनी एंडलाइनला, म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटी तीच पाहणी पुन्हा करायला, बसलं की कळतं, अहवाल छान गुळगुळीत कागदावर छापलेला आहे, पण त्यामागची डेटा फाइल कुणाकडेच नाही.

म्हणून सल्लागार निवडताना मी एकच कसोटी सगळ्यांत वर ठेवते. हेच काम तीन वर्षांनी, याच प्रश्नांनी, याच मुलामुलींसोबत पुन्हा करता येईल का? अनुभव, नाव, फी, प्रेझेंटेशन हे सगळं त्यानंतर.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. बीड जिल्ह्यातली 40 गावं, 15 ते 24 वयोगटातले मुलगे-मुली, तीन वर्षांचा कार्यक्रम: जीवनकौशल्यं, रोजगाराची तयारी, मुलींचं लग्नाचं वय, गावातला सहभाग. (2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे 15 ते 29, संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत 15 ते 24. आपला वयोगट आपणच ठरवून टीओआरमध्ये लिहावा, नाहीतर सल्लागार आपल्या सोयीचा धरतो.)

कोटेशन शेजारी ठेवण्याआधी

किती जणांच्या मुलाखती घ्यायच्या, म्हणजे नमुना किती, याचा प्रस्तावांत एक आकडा हमखास दिसतो: 384. तो चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. 95 टक्के विश्वासपातळी, पाच टक्के इकडे-तिकडे, आणि सगळी मुलं एकाच यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली, असं असेल तर 384 पुरतात. आपण मात्र आधी गावं निवडतो आणि मग गावातली मुलं. एका गावातली मुलं एकमेकांसारखीच असतात, तीच शाळा, तीच एसटी, तीच पारावरची चर्चा. यासाठी नमुना साधारण दुप्पट धरायची पद्धत आहे, म्हणजे 768. त्याच मुलांना तीन वर्षांनी पुन्हा गाठायचं असेल तर काही मुली लग्न होऊन गेलेल्या असणार, काही मुलगे चाकणला कंपनीत लागलेले. पाचातला एक निसटेल असं धरलं की 960.

आता हिशेब करा. एक मुलाखत 45 मिनिटांची. घर शोधणं, पालकांशी बोलणं, मुलगी कॉलेजातून येईपर्यंत थांबणं धरून एका सर्वेक्षकाच्या दिवसाला पाच मुलाखती नीट होतात. म्हणजे 192 मनुष्यदिवस, आठ सर्वेक्षक असतील तर 24 दिवस. प्रशिक्षण वेगळं. एखाद्यानं आठच माणसांत दहा दिवसांचं फील्डवर्क लिहिलं असेल, तर प्रत्येकानं रोज 12 मुलाखती घ्यायच्या, म्हणजे निव्वळ प्रश्न विचारण्यात नऊ तास. असं कोटेशन स्वस्त दिसतं, कारण त्यातले शेवटचे फॉर्म चहाच्या टपरीवर भरले जाणार असतात.

दुसरी गोष्ट तुलनेच्या गावांची. सोळा वर्षांची मुलगी तीन वर्षांत एकोणीस वर्षांची होतेच. ती जास्त बोलू लागते, एकटी तालुक्याला जाऊ लागते, बँकेत खातं उघडते. यातलं किती आपल्या कार्यक्रमामुळे आणि किती नुसत्या वयामुळे, हे कार्यक्रम नसलेली गावं मोजल्याशिवाय सांगता येत नाही. ती गावं घेतली की खर्च जवळपास दुप्पट होतो. तुम्ही न विचारता हा मुद्दा स्वतःहून काढणारा सल्लागार थोडा महाग असला तरी ऐकून घ्यावा, आणि पैसे नसतील तर काय करायचं हेही त्यालाच विचारावं.

संशोधन एजन्सी

एजन्सीकडे टॅब असतात, सुपरवायझर असतात, मुलाखतीची वेळ आणि जीपीएस तपासणारं कुणीतरी ऑफिसात बसलेलं असतं. 960 फॉर्म ठरलेल्या तारखेला हातात पडतात. दोन-तीन जिल्ह्यांत पसरलेला कार्यक्रम असेल, तर याला फारसा पर्याय नाही.

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर खर्च करायचा, पैसा असेल तर आणखी एक कारण आहे. जानेवारी 2021 पासून नियम असा आहे की ज्या कंपनीची सीएसआरची सरासरी जबाबदारी गेल्या तीन वर्षांत 10 कोटी किंवा जास्त आहे, तिनं 1 कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचं, प्रकल्प पूर्ण होऊन किमान वर्ष झाल्यावर. हा नियम बेसलाइनचा नाही. पण पुढे येणारा मूल्यमापक आधी तुमची बेसलाइनच मागणार. ती तुमच्याच कार्यकर्त्यांनी केलेली असली की त्याची भुवई वर जाते.

उणी बाजूही मोठी आहे. प्रस्तावात ज्यांचे बायोडेटा जोडलेले असतात ते पहिल्या मीटिंगला आणि शेवटच्या प्रेझेंटेशनला दिसतात. मधे गावात फिरणारी पोरं कंत्राटावर, कधी कधी उपकंत्राटावर घेतलेली. प्रश्नावली मागच्या कामातली, वर तुमचा लोगो. करारात लिहिलेलं नसेल तर मूळ डेटा त्यांच्याकडेच राहतो, आणि तुमच्या हातात टक्केवारीचे तक्ते येतात. कोटेशन वाचताना 18 टक्के जीएसटी आत आहे की वर, तेही पाहा. बजेट तिथेच फुटतं.

स्वतंत्र सल्लागार

याच्याकडून विकत घ्यायचं असतं ते डोकं. तो किंवा ती तुमच्या टीमबरोबर दोन दिवस बसते, कार्यक्रमातून नेमकं काय बदलायचं आहे ते खोदून विचारते, आणि तुमच्या आवडीचे निम्मे प्रश्न काढून टाकते. हे काढून टाकणं मला फीच्या निम्म्या किमतीचं वाटतं.

जवळून पाहण्यासारखं एक उदाहरण देते. जवळपास प्रत्येक युवा कार्यक्रमाच्या मसुद्यात ‘तुमच्यात नेतृत्वगुण आहेत का?’ या धर्तीचा प्रश्न असतो. समोर टॅब घेऊन बसलेल्या ताईंना कोण नाही म्हणेल? बेसलाइनलाच बहुतेक सगळे ‘हो’ म्हणतात, आणि मग एंडलाइनला वाढायला जागाच उरत नाही. जरा बरा मसुदा विचारतो: ‘गेल्या सहा महिन्यांत ग्रामसभेत बोललात का?’ हा प्रश्न मोजता येण्यासारखा आहे, पण ग्रामसभेचे सदस्य म्हणजे मतदार यादीत नाव असलेले लोक. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचं उत्तर ‘नाही’च येणार, आणि तीन वर्षांनी ते अठरा ओलांडतील तेव्हा ‘हो’ वाढलेले दिसतील. श्रेय कार्यक्रमाला. चांगला सल्लागार इथे वयानुसार दोन वेगळे प्रश्न करतो, आणि जमेल तिथे विचारण्याऐवजी करून घेतो: एसटीचं वेळापत्रक वाचून दाखवा, हा अर्ज भरा, या दोन दुकानांतली कोणती सवलत जास्त ते सांगा.

करून घेण्याचा फरक ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणावरच्या सर्वेक्षणाच्या 2023 च्या पाहणीत स्पष्ट दिसतो. 28 ग्रामीण जिल्ह्यांतल्या 14 ते 18 वयाच्या 34,745 जणांची ती पाहणी. त्यांतले बहुसंख्य शाळा-कॉलेजात नाव असलेले, तरी साधारण चौथ्या हिश्श्याला आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर सलग वाचता आला नाही. ‘वाचता येतं का?’ एवढंच विचारलं असतं, तर हा आकडा कधीच हाती लागला नसता.

एकट्या सल्लागाराची अडचण उघड आहे. फील्ड टीम नसते. एकाच वेळी चार कामं हातात असतात, त्यामुळे अहवाल लांबतो. आजारपण, घरचं कार्य, दुसऱ्या मोठ्या संस्थेत नोकरी, काहीही झालं की काम अडतं, आणि एंडलाइनपर्यंत तीच व्यक्ती उपलब्ध असेल याची खात्री नाही. पैशाच्या बाजूनं मात्र सोपं जातं: वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या बहुतेकांना जीएसटी नोंदणी लागत नाही, तुम्ही फीमधून 10 टक्के टीडीएस कापून भरायचा.

कॉलेज, आणि आपली टीम

समाजकार्य महाविद्यालय किंवा विद्यापीठाचा विभाग हा पर्याय लोक लवकर विसरतात. मराठवाड्यात तर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवारच आहे. प्राध्यापकांना परिसर माहीत असतो, विद्यार्थी आपल्या वयोगटाच्या जवळचे असतात, काही ठिकाणी नैतिकता समितीची (संशोधनात सहभागींचं नुकसान होत नाही ना, हे तपासणारी) सोय मिळते. पण सगळं परीक्षांच्या वेळापत्रकावर चालतं, बॅच दरवर्षी बदलते, आणि मार्गदर्शकांचा जीव शोधनिबंधात असतो. फंडरची तारीख सैल असेल तरच हा मार्ग धरावा.

स्वतःच्या कार्यकर्त्यांकडून मुलाखती घ्यायला माझा साफ विरोध आहे. कामचुकारपणाची शंका नाही. उलट, ताई-दादांवर मुलांचा जीव असतो, म्हणून ती त्यांना आवडेल तेच उत्तर देतात. शिवाय आपल्याच पेपरचे मार्क आपण द्यायचे. मात्र स्थानिक माणसं म्हणजे कच्चं काम, असंही नाही. ‘असर’चं सर्वेक्षण स्थानिक संस्था-कॉलेजांतले स्वयंसेवकच करतात. साधनं साधी, प्रशिक्षण कडक आणि फेरतपासणी ठरलेली असली की ते जमतं.

ऊसतोड आणि पोक्सो

यावर टीओआरमध्ये एक ओळही नसते, म्हणून जरा थांबून सांगते. बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी किंवा उन्हाळ्यात परततात. जानेवारीत बेसलाइन केली तर सगळ्यांत अडचणीत असलेली मुलं नमुन्यात येतच नाहीत, ती कारखान्याच्या फडावर असतात. एंडलाइनला नव्यानं मुलं निवडली आणि ती ऑगस्टमध्ये केली, तर ही मुलं परत आलेली असतात आणि आकडे घसरतात. कार्यक्रम बरा चाललेला असताना अहवाल वाईट येतो. प्रस्ताव आलेल्यांना एवढंच विचारा: ‘फील्डवर्क कोणत्या महिन्यात ठेवाल?’ जे ‘तुम्ही म्हणाल तेव्हा’ म्हणतात त्यांना जिल्हा माहीत नाही.

दुसरं, 18 च्या आतल्यांसाठी पालकांची संमती आणि त्या मुलाची स्वतःचीही, दोन्ही लागतात. मुलींशी बोलायला बाईच हवी, आणि आई किंवा काकू दारात उभी असताना लग्नाचा विषय काढायचा नाही. मुलाखतीत लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर पोक्सो (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा) याच्या कलम 19 नुसार कळवणं बंधनकारक आहे. सर्वेक्षकानं त्या क्षणी काय करायचं, कुणाला फोन लावायचा, हे लेखी असलं पाहिजे. ‘आमच्याकडे गोपनीयता पाळली जाते’ एवढंच लिहिणाऱ्याला या प्रसंगाची कल्पनाच नसते.

मग कुणाला घ्यावं?

एका जिल्ह्यातल्या 40-50 गावांसाठी मी रचना आणि विश्लेषण स्वतंत्र सल्लागाराकडे देईन, सर्वेक्षक शेजारच्या तालुक्यातून संस्थेनं स्वतः रोजंदारीवर घ्यावेत, आणि दहा टक्के मुलाखतींची फेरतपासणी तिसऱ्या कुणीतरी करावी, कॉलेजचे विद्यार्थी चालतील. फॉर्म कोबोटूलबॉक्ससारख्या, मोबाइल-टॅबवर माहिती भरायच्या साधनावर, संस्थेच्या खात्यातून. सल्लागार उद्या निघून गेला तरी खातं आपलं राहतं. कार्यक्रम तीन जिल्ह्यांत असेल, किंवा सीएसआरवाल्यांना बाहेरचाच शिक्का हवा असेल, तर एजन्सी घ्यावी, पण प्रश्नावली ठरवायला आठ-दहा दिवसांसाठी एक सल्लागार आपल्या बाजूनं बसवावा.

कुणीही असो, फीचा शेवटचा तिसरा हिस्सा अहवालावर देऊ नका. तो स्वच्छ केलेली डेटा फाइल, प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारा तक्ता, अंतिम प्रश्नावली आणि मुलांच्या नाव-पत्त्यांची वेगळी, पासवर्डमधली यादी हातात आल्यावरच द्या. ही यादी नसेल तर तीन वर्षांनी त्याच मुलांना शोधणार कसं?

निवडीच्या मुलाखतीत पीपीटी बघण्यात वेळ घालवू नये. आपल्या कच्च्या प्रश्नावलीची दोन पानं आदल्या दिवशी पाठवावीत आणि त्यांनी काय खोडलं ते पाहावं. बीडसारख्या जिल्ह्यात हे सगळं मेमध्येच उरकायला हवं. जून-जुलै प्रश्नावली आणि नमुन्याबाहेरच्या एका गावातल्या चाचणीला जातो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फील्डवर्क झालं तरच टोळ्या निघण्याआधी मुलं घरी भेटतात.