फोमचं चिलखत, आठ महिन्यांनंतर: एक खांदा सोलला, एक टिकला

वेशभूषेसाठी केलेल्या या चिलखताचे दोन खांदे मी मुद्दाम वेगवेगळ्या पद्धतीने सील केले होते, म्हणजे रंग फोममध्ये मुरू नये म्हणून त्याखाली वेगवेगळे थर दिले होते. डाव्याला पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या पीव्हीए गोंदाचे ६ हात, उजव्याला रबरी स्प्रेचे ४. फोम दोन्हीकडे तोच, १० मिलिमीटरचा ईव्हीए (रबरासारखं लवचिक प्लॅस्टिक), आणि वरचा रंगही एकाच डब्यातला. आज आठ महिने झाले. मधल्या काळात चिलखत दहा-बारा वेळा दिवसभर अंगावर होतं, आणि आता दोन्ही खांद्यांमधला फरक लांबूनही कळतो.

तयारी मात्र दोघांची सारखीच होती. कडा आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या, धूळ पुसली आणि सगळीकडून हीट गन फिरवली. गरम हवेने वरची बारीक छिद्रं मिटतात, पृष्ठभागावर हलकी चकाकी येते. ती आली की लगेच पुढे सरकायचं, नाहीतर फोम करपतो. ही पायरी गाळली तर वर लावाल तो हात फोम पिऊन टाकतो. कापलेल्या कडा सगळ्यात जास्त पितात, म्हणून तिथे मी हीट गन दोनदा फिरवतो.

गोंदाचा खांदा सुरुवातीला जास्त देखणा होता, हे मान्य करायलाच हवं. थर गुळगुळीत आणि कडक होता, चांदीचा रंग त्यावर सुरेख बसला. दोन महिन्यांनी, हात वर केला की फोम जिथे दुमडतो तिथे केसासारख्या भेगा दिसू लागल्या. पुढे भेगांतून घाम आत गेला. साधा पीव्हीए वाळल्यावरही पाण्याने पुन्हा मऊ पडतो. गळ्याजवळची कड पांढुरकी, चिकट झाली आणि एक दिवस नखाएवढा पापुद्रा रंगासकट हातात आला.

रबरी स्प्रेच्या खांद्यावर आजही एक भेग नाही. फोम वाकतो तसा थरही वाकतो, सगळं गुपित एवढंच. त्रास आहेत. जाड फवारला की ओघळतो, आणि वाळल्यावर नीट घासता येत नाही, म्हणून खालची प्रत्येक खोच आधीच बुजवावी लागते. वाफा वाईट असतात: उघड्यावरच काम करा आणि रसायनांच्या वाफांसाठीचं फिल्टर असलेला मास्क घाला. साधा धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही. खुर्चीच्या कोपऱ्याने एका जागी थर सोलला, पण तिथे पुन्हा फवारून, ब्रशने ॲक्रिलिक लावल्यावर जोड दिसत नाही.

एक चूक खांद्यांखेरीज झाली. छातीच्या पट्ट्यावर मी कडक वाळणारा एनॅमल स्प्रे मारला, आणि खाली रबर असूनही तो तडकला. आता रंग ॲक्रिलिकच, वर मॅट क्लिअर कोट, आणि तोही आधी फोमच्या तुकड्यावर मारून बघतो. शिवाय रंगवण्यापूर्वी प्रत्येक भाग गरम करून अंगावर बसेल तसा वळवून घेतो. सपाट रंगवून मग वाकवलेला भाग पहिल्याच दिवशी ताणला जातो.

उन्हात उभ्या बंद गाडीत एकदा चिलखत राहिलं, तेव्हा दोन सांधे उघडले. तो दोष सीलचा नव्हता. सांधे जोडणारा गोंद उष्णतेने मऊ पडतो.

गेल्या आठवड्यात डावा खांदा रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला, सकाळी गोंदाचा थर बोटांनी निघाला. आता त्यावर रबराचा तिसरा हात वाळतोय. शिरस्त्राणावरचा गोंद मी तसाच ठेवलाय. ते कुठे वाकत नाही, आणि तिथे तो अजून पहिल्या दिवसासारखा आहे.