कॉलेजांसाठीचं 'सन्मान पॅकेज': नाशिकच्या बाजारातलं काय घ्यावं, काय सोडावं

नाशिकमधले ट्रॉफीवाले आणि छपाईवाले कॉलेजांना डिसेंबर-जानेवारीत एक ठरलेलं पॅकेज देतात. मोठ्या ट्रॉफ्या, गळ्यात घालायची मेडल्स, ए-४ आकाराची प्रमाणपत्रं, पाहुण्यांसाठी स्मृतिचिन्हं आणि वर एक फ्लेक्स. स्नेहसंमेलनासाठी हे सोयीचं आहे. पण प्रथम वर्षाची गळती कमी व्हावी म्हणून पैसे खर्च करणार असाल, तर हे पॅकेज आहे तसं घेऊ नका. माल वाईट नसतो. तो फार उशिरा येतो आणि बहुतेक रक्कम ट्रॉफीवर जाते.

आधी वेळेचं बघू. वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतात. सुरगाणा, पेठ, कळवणसारख्या लांबच्या तालुक्यांतून आलेली मुलं दिवाळीच्या सुट्टीत गावी जातात, आणि त्याच सुमारास दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीची मजुरीची कामं निघतात. कॉलेजात आपल्याला कोणी ओळखत नाही असं वाटणाऱ्या मुलाला सुट्टी संपल्यावर परत यायला फारसं कारण उरत नाही. जानेवारीत स्टेजवर नावं पुकारली जातात तेव्हा तो वर्गात नसतोच. विद्यार्थी कॉलेज का सोडतात याचे अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलं, की विद्यार्थी अभ्यासात आणि माणसांत, दोन्हीकडे रुजला तर टिकतो. उच्च शिक्षणाचे अभ्यासक अलेक्झांडर ॲस्टिन यांनी १९८४ मध्ये भर दिला तो विद्यार्थी स्वतः किती वेळ आणि जीव ओततो यावर. दोघांची मांडणी अमेरिकेतली, पण वसतिगृहातल्या नवख्या मुलाला ती इथेही लागू पडते. म्हणून पहिली शाबासकी चौथ्या ते सहाव्या आठवड्यात मिळायला हवी. ऑर्डर जुलैतच द्या. तेव्हा दुकानांत गर्दी नसते आणि प्रूफ नीट तपासून मिळतं.

सगळ्यांत चांगली खरेदी म्हणजे बटण बॅजचं, म्हणजे पिनेने कपड्यावर लावायच्या गोल बॅजचं मशीन. ४४ आणि ५८ मिमी हे दोन आकार सर्रास मिळतात. कॉलेजसाठी ५८ मिमीचं घ्या, कारण त्यावर देवनागरी नाव आणि एक ओळ वाचता येईल अशी बसते. कागद साधारण ७० मिमी व्यासाचा कापावा लागतो आणि कडेची पट्टी मागे वळते, म्हणून मजकूर मधल्या ५० मिमीतच ठेवा. कागद ९० ते १०० जीएसएमचा (चौरस मीटरमागे इतक्या ग्रॅमचा) हवा. जाड कागद घातला की पारदर्शक फिल्म नीट वळत नाही आणि पाठीमागची चकती निसटते. छपाई लेझर प्रिंटरवर करा. इंकजेटची शाई ओली राहिली तर फिल्मखाली डाग पडतो. दाबताना दोन टप्पे असतात: पहिल्या दाबात पत्रा, कागद, फिल्म, आणि दुसऱ्या दाबात पिनेची चकती. चकती पाव वळसा फिरून बसली तर पिन आडवी न राहता उभी येते, हे पहिल्या दिवशी हमखास होतं. हे मशीन प्रथम वर्षाच्याच तीन-चार मुलांच्या हाती द्या. बॅज करणाऱ्या मुलांना कॉलेजात रोज थांबायला एक कारण मिळतं, आणि याच कारणासाठी आम्ही मशीनला पहिला नंबर देतो.

बॅजवर काय छापायचं हे मशीनइतकंच महत्त्वाचं आहे. 'उत्कृष्ट विद्यार्थी' छापून काही साधत नाही. 'ग्रंथालय मित्र, ऑगस्ट' किंवा 'गोदाघाट स्वच्छता, ३ फेऱ्या' असं केलेलं काम लिहा. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात. २० तासांना एक, ६० ला दुसरा आणि १२० ला तिसरा बॅज ठेवला तर पहिला टप्पा दिवाळीआधी सहज गाठता येतो. योजनेचा स्वतःचा बॅजही आहे: कोणार्कच्या रथाचं चाक, त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. तो मुलांना वेळेवर द्या. कपाटात पडून राहिला तर त्याचा उपयोग शून्य.

एक सावधगिरी मात्र हवी. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. 'चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत असलेलं प्रमाणपत्र मिळेल' असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली. ज्यांना तेच प्रमाणपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड घटली नाही. प्रयोग लहान मुलांवरचा आहे, तरी धडा घेण्यासारखा आहे. तासांचे बॅज जाहीर असू द्या, पण महिन्याला काही बॅज न सांगता द्या.

प्रमाणपत्रांत बाजाराचा माल सगळ्यांत जास्त फसवतो. नमुना म्हणून चकचकीत ३०० जीएसएम आर्ट कार्ड दाखवतात. हातात भारी लागतं, पण त्यावर जेल पेनची सही पुसते आणि रबरी शिक्क्याची शाई वाळत नाही. एकावर एक गठ्ठा ठेवला की प्राचार्यांची सही पुढच्या प्रमाणपत्राच्या पाठीवर उमटते. उठावाचा, खडबडीत कागदही टाळा, कारण लेझरचा टोनर खोलगट जागी धरत नाही आणि अक्षरं पापुद्र्यासारखी निघतात. २५० जीएसएमचा मॅट, गुळगुळीत कागद घ्या. लॅमिनेशन करू नका, पुढे त्यावर शिक्का मारायची वेळ आली तर अडचण होते.

खरी कसोटी नावांची. यादी एक्सेलमध्ये युनिकोडमध्ये दिली आणि छपाईवाला युनिकोड न चालणाऱ्या जुन्या फॉन्टवर काम करत असेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे सरकते, रफार भलत्याच अक्षरावर चढतो आणि 'ऱ्या'तला अर्धा र सुटा पडतो. 'गोऱ्हे' किंवा 'बऱ्हाटे' आडनावाच्या मुलीला स्वतःचंच आडनाव वाचता येत नाही असं प्रमाणपत्र मिळालं, तर ते न दिलेलं बरं. तपासणी सोपी आहे. ऱ्ह, र्म, द्य, श्र, त्र, ज्ञ असलेली दहा नावं निवडा, तेवढीच आधी छापून घ्या, आणि मगच बाकीच्यांना हिरवा कंदील द्या. नावं हजेरीपटावरून घेऊ नका. मजकुरात 'सहभागी झाल्याबद्दल' एवढंच नको. तारीख, काम आणि त्या मुलाने काय केलं त्याची एक ओळ असावी. ती ओळ रिकामी छापून घ्या आणि शिक्षकाने हाताने भरावी. तीसच्या तुकडीला अर्धा तास लागतो, पण मुलं वाचतात ती हीच ओळ.

मेडल्सबद्दल थोडक्यात: लोखंडावर पितळी मुलामा असलेली पावसाळ्यात गंजतात, झिंक मिश्रधातूची टिकतात. मधला स्टिकर निघतो, कारण पृष्ठभागावर कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून, वाळवून, मग चिकटवा. क्रिस्टलच्या ट्रॉफ्या घेऊच नका. एसटीने पेठला पोहोचेपर्यंत कोपरा उडालेला असतो. अगदी हवीच असेल तर सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून ५ मिमी ॲक्रिलिक लेझरने कापून घ्या.

डिजिटल प्रमाणपत्रं फुकट म्हणून विकली जातात, तेव्हा दोन गोष्टी विचारा. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टने (आपोआप मेल पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) दिवसाला १०० जणांनाच मेल जातात, संस्थेच्या गूगल वर्कस्पेस खात्यावरून १,५००. चारशे मुलांची यादी लावली तर पहिल्या शंभरानंतर गाडी थांबते, आणि बाकीच्यांना वाटतं आपल्याला वगळलं. दुसरं, क्यूआर कोड ज्या फाइलवर जातो ती कोणाच्या खात्यात आहे? ती एखाद्या शिक्षकाच्या खाजगी ड्राइव्हवर असेल आणि ते कॉलेज सोडून गेले, तर कोड मेला. फाइल कॉलेजच्या खात्यात ठेवा, आणि कोड छापलात तर २ सेंटिमीटरपेक्षा लहान नको.

फ्लेक्सचा पैसा वाचवून ग्रंथालयाच्या दाराजवळ एक पिनबोर्ड लावा आणि दर सोमवारी चिठ्ठ्या बदला. फ्लेक्सवर पदाधिकाऱ्यांच्या फोटोंत मुलाचा चेहरा बोटभर उरतो. बोर्डवर त्याचं नाव आणि काम एवढंच असतं. बदलायची जबाबदारी एकाच विभागाकडे द्या. दोघांकडे दिली की तिसऱ्या आठवड्यात जुन्याच चिठ्ठ्या दिसतात. आणि बोर्डवर आलेल्या नावांची वही ठेवा. सप्टेंबरअखेर ती हजेरीपटाशेजारी ठेवून पाहा: ज्यांचं नाव एकदाही आलं नाही आणि हजेरीही घसरते आहे, त्यांना दिवाळीच्या सुट्टीआधी भेटून एखादं काम सोपवायचं आहे.